सपाट पाणी, कललेले विमान

आषाढातल्या एका संध्याकाळी मुंबईहून नागपूरला येताना माझ्यासमोरच्या ट्रेवर पाण्याचा कागदी पेला होता. खिडकीबाहेर ढगाखेरीज काही नव्हते. पंखाचे टोकही मधूनमधून दिसेनासे होई आणि त्यावरचा दिवा त्या करड्या धुरकटपणात नुसता एक लाल डाग होऊन उरे. विमान अगदी सरळ चालले आहे, असे माझे अंग मला सांगत होते आणि पेल्यातले पाणी त्याला दुजोरा देत होते, कारण पाण्याची पातळी पेल्याच्या कडेशी समांतर होती, एका बाजूला तसूभरही झुकलेली नव्हती. मग ढग एकाएकी विरळ झाला आणि पेरणी झालेल्या शेतांचे हिरवे-काळे तुकडे खिडकीच्या चौकटीत तिरपे उभे राहिलेले दिसले. विमान चांगलेच डावीकडे कलून वळत होते, आणि बहुधा बराच वेळ वळत होते. मी पुन्हा पेल्याकडे पाहिले. पाणी अजूनही सपाटच होते.

भीती वाटली नाही, पण पटलेही नाही. आमच्या घराचे बांधकाम चालू असताना मिस्त्री पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोके दोन भिंतींना लावायचा आणि पाणी जिथे थांबेल तिथे पेन्सिलीने खूण करायचा. त्या खुणेवर माझ्या वडिलांचा इतका विश्वास होता की, इंजिनिअरच्या नकाशातला आकडा वेगळा निघाला तेव्हा त्यांनी नकाशा बाजूला ठेवायला लावला. पाणी खोटे बोलत नाही, ही समजूत त्या घरातच माझ्यात मुरली असावी. म्हणून विमानातल्या पाण्याने माझ्यासमोर असा धडधडीत खोटेपणा करावा, हे मला अनेक दिवस खुपत राहिले.

माझा भाचा एअरबस ए-320 वर सह-वैमानिक आहे. सुट्टीत नागपूरला आला की संध्याकाळी आमच्या मनीषनगरच्या गच्चीवर येऊन बसतो आणि सोनेगावकडे उतरणाऱ्या विमानांकडे सहसा पाहतही नाही. त्याला मी ही पाण्याची गोष्ट सांगितली, तेव्हा तो हसला. "मामा, तुम्ही पाण्याला विचारून राहिले, पण पाणी तर विमानासोबतच वळून राहिलं होतं नं! त्याला कसं कळणार?" मग त्याने मोबाइलच्या मागच्या बाजूवर बोटाने रेघा ओढत समजावले. विमान नीट, सफाईने वळते तेव्हा गुरुत्वाकर्षणाचा ओढा आणि वळणामुळे बाहेरच्या बाजूला जाणवणारा ओढा यांची बेरीज बरोबर विमानाच्या फरशीला लंब पडते. पाणी त्या बेरजेला मान देते, पृथ्वीला नव्हे. आपले अंगही तेच करते. पंचवीस अंश कललेल्या विमानात प्रवाशाचे वजन सुमारे दहा टक्क्यांनी वाढलेले असते, पण ही वाढ सगळीच्या सगळी खुर्चीत खाली दाबणारी असते, बाजूला ढकलणारी नसते. थोडे जड वाटावे एवढाच काय तो फरक, आणि मुंबईत जेवून निघालेल्या माणसाला तो कळण्याची शक्यता कमीच.

खरे तर आपल्या कानात या कामासाठी निसर्गाने चोख व्यवस्था केलेली आहे. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका तीन वेगवेगळ्या दिशांना बसवलेल्या असतात. डोके फिरले की त्यांतला द्रव किंचित मागे राहतो आणि फिरण्याची जाणीव होते. त्यांच्याच शेजारी बारीक स्फटिकांचा थर असतो, तो गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने घसरतो आणि खाली कुठे आहे ते सांगतो. जमिनीवर चालणाऱ्या, झाडावर चढणाऱ्या प्राण्याला एवढे पुरेसे आहे. पण या व्यवस्थेत दोन उणिवा आहेत आणि दोन्ही ढगातच उघड्या पडतात. पहिली अशी की, वळण एकाच गतीने चालू राहिले तर पंधरा-वीस सेकंदांत नलिकेतला द्रवही नलिकेबरोबर फिरू लागतो आणि फिरण्याची जाणीव पुसली जाते. मग विमान सरळ केले की आपण उलट बाजूला कललो असे वाटते. फार हळू सुरू झालेले वळण तर मुळात नोंदलेच जात नाही. दुसरी उणीव अशी की, स्फटिकांना गुरुत्वाकर्षण आणि वेगवाढ यांतला फरक कळत नाही. उड्डाणाच्या वेळी विमान जोराने पुढे झेपावते तेव्हा ते आहे त्यापेक्षा जास्त नाक वर करून चालले आहे असे वाटते आणि काळोख्या रात्री अशा वेळी वैमानिकाचा हात आपोआप नाक खाली दाबायला जातो.

विमाने आली तरी हे लगेच कोणी मानले नाही. उत्तम वैमानिकाला विमानाचा कल बुडाखालच्या खुर्चीतूनच कळतो, असा सुरुवातीच्या पिढ्यांचा अभिमान होता. 1926 मध्ये अमेरिकी लष्करातील विल्यम ओकर नावाच्या अनुभवी वैमानिकाला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डेव्हिड मायर्स या लष्करी डॉक्टरांनी फिरत्या खुर्चीत डोळे मिटून बसवले आणि खुर्ची हळूहळू फिरवली, थांबवली, पुन्हा फिरवली. खुर्ची मंदावली की ओकर म्हणे, आता उलटी फिरते आहे. त्याला हे फार झोंबले. तो पुन्हा आला तो एक बंद पेटी घेऊनच. तिच्यात वळण दाखवणारे गायरो-यंत्र आणि एक छोटा दिवा होता. पेटीत डोळे घालून तो खुर्चीत बसला आणि या वेळी त्याने प्रत्येक वळण बरोबर सांगितले. ओकरचे मला कौतुक वाटते ते यासाठी की, त्याने डॉक्टरांशी वाद घातला नाही आणि स्वतःच्या अनुभवाची महतीही गायली नाही, पेटी बनवली. पुढे 1954 मध्ये इलिनॉय विद्यापीठात यंत्रे वाचण्याचे शिक्षण नसलेल्या वीस जणांना बाहेरचे काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला दिले, तेव्हा वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, आणि तो सुटायला सरासरी 178 सेकंद लागले.

पेटीतून कृत्रिम क्षितिजापर्यंतचा प्रवास मात्र फार लांबला नाही. जिमी डूलिटल याने 24 सप्टेंबर 1929 रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर कॉकपिटवर आच्छादन ओढून उड्डाण केले, चक्कर मारली आणि उतरलाही. पुढच्या खुर्चीत खबरदारी म्हणून बसलेल्या बेन केल्सीला हात लावावा लागला नाही. त्या विमानात स्पेरी कंपनीचे कृत्रिम क्षितिज होते. भोवरा जोरात फिरत असला की आपला आस सोडत नाही, त्याच न्यायाने यंत्रातले चाक भोवतालचे विमान कितीही कलले तरी स्वतः उभे राहते आणि त्याला जोडलेली एक आडवी रेघ वैमानिकाला क्षितिज दाखवते.

नागपूरकरांना या यंत्राचे ऋण वेगळे सांगायला नको, कारण 1949 मध्ये सुरू झालेली रात्रीची टपालविमाने आपल्या सोनेगावच्या धावपट्टीवरच एकमेकांना भेटायची. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांनी निघालेली विमाने मध्यरात्री इथे येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ज्याची त्याची पत्रे ज्याच्या त्याच्या गावी. माझे वडील टपाल खात्यात होते आणि काही काळ त्यांची ड्यूटी त्या थैल्यांवर होती. पावसाळ्यात त्या डाकोटा विमानांचे वैमानिक चहा प्यायला उतरत, तेव्हा त्यांचे डोळे तांबारलेले असत आणि ते कप हातात धरूनही बराच वेळ बोलत नसत, असे वडील सांगायचे. मी लहान होतो तेव्हा मला वाटे की, ते जागरणाने दमले असतील. आता वाटते की, सातपुड्यावरच्या ढगात दोन-अडीच तास एका बशीएवढ्या तबकडीवरची रेघ पाहत बसणे आणि स्वतःचे अंग जे काही सांगेल ते निमूटपणे नाकारत राहणे, याचा तो शिणवटा असावा. डाकोटातले चाक इंजिनावर चालणाऱ्या पंपाने ओढलेल्या हवेच्या झोताने फिरे आणि विमान प्रमाणाबाहेर कलले तर ते चाक कोलमडे. मग ते पुन्हा उभे राहीपर्यंत त्याच्याकडे पाहण्यात अर्थ नसे.

भाच्याने मला मोबाइलवर त्याच्या कॉकपिटमधील पडद्याचे चित्र दाखवले. याला ते लोक पीएफडी म्हणतात, प्रायमरी फ्लाइट डिस्प्ले. डाव्या कडेला वेगाची पट्टी, उजवीकडे उंचीची, तळाशी दिशा; पण मधला मोठा चौकोन सगळा कृत्रिम क्षितिजाचा. वरचा भाग निळा, खालचा तपकिरी आणि दोन्हींच्या सीमेवर पांढरी रेघ. मध्यभागी पिवळ्या कडेचे दोन काळे पंख आणि एक छोटा चौकोन, म्हणजे आपले विमान. वरच्या कमानीवर दहा, वीस, तीस, पंचेचाळीस अंशांच्या खुणा. निळ्या आणि तपकिरी पटावर अडीच-अडीच अंशांच्या आडव्या रेघा आहेत, त्यांवरून नाक किती वर आहे ते वाचायचे. सरळ पातळीत चाललेल्या विमानाचेही नाक दोन-तीन अंश वर असते, हे मला तेव्हा कळले. हवाई सुंदरी ट्रॉली पुढे नेताना जरा रेटून का ढकलते, तेही कळले. विमान फारच वेडेवाकडे झाले, तर एअरबसचा पडदा बाकीचा पसारा आपणहून पुसून टाकतो आणि फक्त आवश्यक तेवढेच ठेवतो. नाक अतिशय वर किंवा खाली गेले तर मोठे लाल बाण उगवतात आणि क्षितिज कुठल्या बाजूला आहे ते दाखवतात.

या चित्रात विमान स्थिर आहे आणि क्षितिज हलते. खिडकीतून पाहावे तसे हे दृश्य आहे, म्हणून ते स्वाभाविक मानले गेले. सोव्हिएत विमानांत नेमके उलटे होते. तिथे क्षितिज आडवे राही आणि छोटे विमान कले. दोन्ही पद्धती आपापल्या जागी चालतात. घोटाळा होतो तो एकीवर हात बसलेल्या माणसाला दुसरीपुढे बसवले की. 14 सप्टेंबर 2008 च्या पहाटे रशियातील पेर्म शहराजवळ बोइंग 737 कोसळून 88 जण गेले, तेव्हा चौकशीत पुढे आलेल्या अनेक कारणांमध्ये हेही एक होते की, त्या वैमानिकांनी आधी चालवलेल्या विमानांतली तबकडी वेगळ्या रीतीने कल दाखवत असे. दमलेल्या आणि गोंधळलेल्या माणसाला अशा क्षणी रेघ तिरपी आहे एवढेच दिसते. कोण कलले आहे, आपण की जग, हे त्याच्या हाताला जुन्या सवयीने ठरवावे लागते.

मला या सगळ्यात जास्त गुंगवून टाकले ते पडद्यामागच्या पेट्यांनी. आताच्या प्रवासी विमानात चाक नाही. काचेच्या एका त्रिकोणी ठोकळ्यात लेझरचे दोन किरण परस्परविरुद्ध दिशांनी फिरत असतात; ठोकळा वळला की एकाची वाट किंचित लांबते, दुसऱ्याची तोकडी होते आणि दोघांच्या कंपनसंख्येतल्या फरकावरून वळणाचा वेग कळतो. अगदी मंद वळणात हे दोन किरण एकमेकांना चिकटून एका सुरात अडकतात, म्हणून ठोकळ्याला सतत बारीक थरथरत ठेवावे लागते. असे तीन ठोकळे तीन दिशांना आणि त्यांच्या जोडीला वेगवाढ मोजणारे तीन संवेदक. हे ऐकताच मी भाच्याला म्हटले की, हा तर कानच झाला! तीन नलिका आणि स्फटिक. "अगदी तेच, मामा," तो म्हणाला, "फक्त हा कान विसरत नाही."

तो हे सहज बोलून गेला, पण नेमके हेच मी इतके दिवस शोधत होतो. यंत्राकडे आपल्याहून निराळे कुठलेही ज्ञानेंद्रिय नाही. बंद डब्यात बसलेल्या त्या संवेदकांनाही गुरुत्वाकर्षण आणि वेगवाढ यांतला फरक स्वतःहून कळत नाही. पेल्यातल्या पाण्याइतकेच तेही भोळे आहेत. फरक आहे तो हिशेबात. विमान गेटवर उभे असताना सुमारे दहा मिनिटे या पेट्या स्वतःला जुळवून घेतात आणि तेवढा वेळ विमान हलवायचे नसते. त्या वेळात संवेदक खाली कुठे आहे ते ठरवतात आणि लेझर पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे, तासाला पंधरा अंश, नोंदवून उत्तर कुठे आहे ते ठरवतात. घड्याळातल्या तासकाट्याच्या निम्म्या वेगाची ही हालचाल त्या काचेला जाणवते! तिथून पुढे विमान जेवढे वळेल, डोलेल, कलेल, तेवढे सगळे सेकंदाला अनेकदा जमेस धरले जाते, वीस सेकंदांनी पुसले जात नाही. पडद्यावरची पांढरी रेघ म्हणजे गेटवर ठरलेल्या क्षितिजाची, तेव्हापासून अखंड सांभाळलेली आठवण आहे.

आणि आठवण म्हटली की ती बिघडण्याची शक्यता आलीच. जुन्या चाकाचे असो की नव्या लेझरचे, बिघडलेले यंत्र आपण बिघडल्याचे तोंडावर दाखवतेच असे नाही. तितक्याच ठसठशीत रेघेने ते चुकीचे क्षितिज दाखवते. 1 जानेवारी 1978 च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे 'एम्परर अशोक' हे जंबो विमान उड्डाणानंतर 101 सेकंदांत वांद्र्याच्या समुद्रात पडले आणि त्यातले 213 जण गेले. ती बातमी वडिलांनी पेपरमधून मोठ्याने वाचून दाखवलेली मला आठवते. टपालविमानांमुळे असेल, पण विमानाची बातमी ते नेहमी उभ्याने वाचत. विमानाने उजवीकडे वळण घेतले, मग ते सरळ झाले, पण कॅप्टनसमोरच्या तबकडीवर ते उजवीकडे कललेलेच राहिले, असा निष्कर्ष पुढे निघाला. कॅप्टनने ते सरळ करायला डावीकडे वळवले आणि वळवतच गेला. बाहेर काळा समुद्र आणि काळे आकाश, म्हणजे ताडून पाहायला खरे क्षितिज नाही. सह-वैमानिकासमोर दुसरी तबकडी होती, मध्ये तिसरी राखीव होती, आणि कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणावरून असे दिसते की, फ्लाइट इंजिनिअरने कॅप्टनला सावध करण्याचा प्रयत्नही केला होता. खरी माहिती त्या खोलीत हजर होती, हातभर अंतरावर. ती एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात पोहोचायला मात्र वेळ उरला नाही.

लंडनजवळच्या स्टॅन्स्टेड विमानतळावर 22 डिसेंबर 1999 रोजी कोरियन एअरच्या मालवाहू जंबोच्या बाबतीत जवळजवळ तसेच झाले, उड्डाणानंतर 55 सेकंदांत. तिथे तर दोन तबकड्यांत मेळ नाही असा इशारा वाजत होता, फ्लाइट इंजिनिअर कल वाढल्याचे ओरडून सांगत होता आणि सह-वैमानिकाची तबकडी ठीक असूनही तो काही बोलला नाही. मला वाटते, या दोन्ही घटनांत यंत्रावर विश्वास ठेवला ही चूक म्हणणे उथळपणाचे होईल. ढगात आणि काळोखात यंत्रावर विश्वास ठेवायचा, हेच तर वैमानिकाच्या हाडीमाशी भिनवलेले असते, आणि ते योग्यच आहे. अडचण एवढीच की, एकाच पडद्यावर विश्वास ठेवणे ही अंगावर विश्वास ठेवण्याचीच दुसरी तऱ्हा आहे. दोन्हींत ताळा नाही.

म्हणूनच ए-320 मध्ये या पेट्या तीन आहेत आणि शिवाय मध्यभागी एक छोटा राखीव पडदा, त्याचे संवेदक वेगळे. कॅप्टनचा पडदा एका पेटीवर, सह-वैमानिकाचा दुसऱ्या पेटीवर. दोघांत अंतर पडले की दोन्ही पडद्यांवर इशारा उमटतो आणि मग तिसऱ्याला विचारायचे. हे इतके नीट बसवलेले गणित वाटते की, मी भाच्याला म्हटले, आता काय उरले? त्याने मला स्वीडनमधल्या एका टपालविमानाची हकिकत सांगितली. 8 जानेवारी 2016 च्या रात्री ऑस्लोहून ट्रॉम्सोला टपाल घेऊन चाललेल्या त्या छोट्या जेटमध्ये कॅप्टनच्या पडद्याने एकाएकी नाक वर चालल्याचे दाखवायला सुरुवात केली. तसे काही नव्हते. त्याने नाक खाली दाबले. पडद्यांत मेळ नसल्याचा इशारा उमटला, पण पडद्याच्या हिशेबाने विमान अतिशय वेड्यावाकड्या अवस्थेत गेलेले असल्यामुळे त्याने पसारा पुसायचे आपले काम चोख केले आणि त्या पसाऱ्यात तो इशाराही पुसला गेला. सह-वैमानिकाचा पडदा बरोबर होता. सुमारे 80 सेकंदांत सगळे संपले, दोघेही गेले. टपालाच्या थैल्या, रात्र आणि दोन माणसे, एवढे ऐकल्यावर मला सोनेगावच्या डाकोटा आठवल्या आणि मी बराच वेळ पुढचे ऐकले नाही.

पुढचे असे होते की, त्या चौकशीत वैमानिकांनी एकमेकांशी ठरावीक शब्दांत बोलण्यावर भर दिला गेला. विमान वेडेवाकडे झाले की ज्याला जे दिसते ते त्याने मोठ्याने म्हणायचे. आपल्या पडद्यावर नाक किती, कल किती. भाच्याच्या सिम्युलेटरमधल्या सरावात हे घोकून घेतात. डोळे मिटायला लावतात, विमान कुठल्यातरी विचित्र अवस्थेत नेऊन ठेवतात आणि 'घ्या' म्हणतात. डोळे उघडल्यावर हात हलण्याआधी तोंड हलले पाहिजे. रोजच्या कामातही त्याची एक छोटी, कंटाळवाणी आवृत्ती आहे. विमान धावपट्टीकडे रांगत निघते आणि पहिले वळण घेते, तेव्हा दोघांनी आपापल्या पडद्याकडे आणि मधल्या राखीव पडद्याकडे पाहायचे: दिशा बदलते आहे, क्षितिज हललेले नाही, तिन्ही ठिकाणी सारखे आहे. त्याच्याबरोबर नेहमी उडणारे एक कॅप्टन आहेत, निवृत्तीला आलेले. हा नुसती मान हलवतो तेव्हा त्यांना ती मान स्पष्ट दिसलेली असते, तरी ते पायाने ब्रेक दाबून ठेवतात आणि म्हणतात, "मला काही ऐकू आलं नाही."